हात मागे

बत्तीस वर्षं शिरा शोधल्यावर
कागद आला: आता शिकवायला शिका.
देवगडच्या रुग्णालयात, वरच्या मजल्यावर,
मोडक्या खाटा ठेवतात त्या खोलीत
आम्ही सात जण. बाकांवर बसताना
बहुतेकांचे गुडघे वाजले.

शिकवणारी रेहाना मुकादम
माझ्या धाकटीच्या वयाची.
"शीर कशी शोधता?" तिनं विचारलं.
मी रबरी पट्टी उचलली.
"करून नको. सांगून."
आणि तोंडात काही येईचना.
"हातांका ठावक आसा," मी म्हटलं, "तोंडाक नाय."
सगळे हसले. लॅबचे तिर्लोटकर तर खोकेपर्यंत.
तिनं ते वाक्य फळ्यावर लिहिलं
आणि दिवसभर पुसलं नाही.

मग आठवत बसले.
जाळी ओढून राठ झालेल्या हातांवर
डोळ्यांचा उपयोग नसतो.
बोट टेकायचं, दाबायचं, सोडायचं.
कडक लागली तर ती दोरी, स्नायूची.
दबून परत वर आली तर शीर.
हे मला कुणी सांगितलं होतं?
आई खाडीत तिसऱ्या काढायची, टाचेनं चाचपत.
मी रिकामी टोपली घेऊन रडत उभी,
आणि ती कमरेवर हात ठेवून नुसती बघत.
किती राग आला होता तिचा.

पुढच्या आठवड्यात वॉर्डात बाबी तांडेल,
जुलाबांनी सुकलेले, शिरा खोल गेलेल्या.
सुई प्रांजल कुबलच्या हातात.
पहिली टोचणी चुकली.
माझे हात आपोआप पुढे निघाले.
मी ते पाठीमागे नेले, एकात एक अडकवले.
"सिस्टर, तुमीच घाला," बाबी कण्हले.
"वायच दम धरा, काकानू."
तिला म्हटलं, "बोटाखाली काय लागतंय?"
"कडक."
"मग?"
ती गप्प. पंखा कुरकुरत होता.
मी इतकी गप्प कधीच राहिले नव्हते,
बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा नाही.
बोट जरासं सरकलं, थांबलं,
पुन्हा दाबलं.
"ही परत वर येते," ती स्वतःशीच म्हणाली.

नळीत लाल थेंब चढला.
बाबींनी डोळे मिटले. प्रांजलनं चिकटपट्टी
वाकडी लावली. तीही मी सरळ केली नाही.

वहीत सही तिची.
माझ्या तळव्यात चार नखं उमटलेली,
चहा पिईपर्यंत दिसत होती.