खोली क्रमांक तीन

मी खुर्चीवर बसतो. काम एवढंच :
चित्रांना कुणी हात लावू नये,
आणि दर दोन तासांनी भिंतीवरचा काटा बघून
हवेतल्या ओलीचा आकडा वहीत लिहायचा.
ऐंशी. ब्याऐंशी. त्याखाली तो कधी उतरत नाही,
तरी वरून पत्र येतं : पंचावन्नवर ठेवा.

रेवदंड्याच्या कोटात, नारळी-पोफळींच्या पोटात
ही कप्तानाची हवेली.
कमानी कर्कटकाने काढाव्यात तशा गोल,
खांब संगमरवरी वाटतात; नखाने खरवडलं
तर आत आपला चिराच, लाल, भोकाभोकांचा.
(खरवडू नये. मी पहिल्याच आठवड्यात खरवडलं.)
घर बांधताना कुणीतरी
दुसऱ्याच देशातलं ऊन मनात धरलं होतं.
इथला पाऊस हिशेबात घ्यायचा राहिला;
पागोळ्या अजून थेट जिन्यात पडतात.

मंगळवारी दुपारी, बाजार उठल्यावर,
आवडाबाय चुनेकर आली.
रिकामी पाटी दाराशी, वर फडकं,
चपला बाहेर, देवळात काढाव्यात तशा;
कुणी सांगितलं नव्हतं.
'धा रुपये? भिंती बगायचे?'
पण दिले, कमरेची पिशवी सोडून, ओलसर.

तिच्याआधी तिचा वास आत आला.
संतांपाशी ती थांबली नाही.
मोत्यांच्या बाईपाशी म्हणाली, 'मोती खोटं,'
आणि थेट त्या चित्रापाशी गेली :
कथलाचं ताट, अर्धं कापलेलं लिंबू,
निळं कापड, एक मोठा मासा.
पाटी : स्थिरचित्र. चित्रकार अज्ञात.

ती वाकली. नाक रंगाला टेकेल इतकी.
मी उठलो.
'हात नाय लावत रं. बगतंय.'

मग बराच वेळ काही नाही. पंखा. बाहेर कावळा.

'ह्यो आपल्याकडला नाय. थंड पान्यातला.
पन डोळा बग. फुगीर, काळा, पानी धरून.
डोळा ताजा हाय.
आन् कल्ला? भुरका पडलाय.
पोट बसलंय. शेपटीकडं खवलं सुकल्यात.'
आणि पैसे मोजावेत तशी बोटं मोजत :
'डोळा काढला पयल्या दिशी.
कल्ला दुसऱ्या. शेपूट तिसऱ्या.
बरफ नव्हता त्याच्याकडं.'
थांबून : 'घरात वास मारला आसंल. बायको बोलली आसंल.'

तीन वर्षं मी या माशासमोर बसतो.
त्याच्यावर तडे किती ते मला ठाऊक, विम्याची रक्कम ठाऊक.
पुण्याहून एक प्राध्यापक आले होते,
वीस मिनिटं बोलले, उजेड डावीकडून येतो यावर.
येतो, उजेड डावीकडूनच येतो.
पण डोळ्यापासून शेपटीपर्यंत
तीन दिवस सरकतात, एक माणूस घाई करतो,
माशी हाकलतो, पुन्हा ब्रश बुडवतो,
हे त्यांनी सांगितलं नाही. मलाही दिसलं नाही.

'मग खाल्ला का त्येनी?' तिने विचारलं.
पाटीवर लिहिलेलं नाही, मी म्हणालो.
'तर लिव की.'
आणि गेली. फरशीवर तिच्या पावलांचे ठसे
हळूहळू आतल्या आत विरले.

बंद करायच्या वेळी मी मोत्यांच्या बाईपाशी उभा राहिलो.
चेहरा पहिल्या दिवशीचा असावा.
हात बघितले तर कंटाळलेले,
मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखे.
मोती खरंच खोटे वाटले.

सहा वाजता काटा बघितला : चौऱ्याऐंशी.
शेजारी 'शेरा' नावाचा रकाना असतो, नेहमी कोरा.
त्यात लिहिलं : शेपूट, तिसरा दिवस.

वरून अजून विचारणा आलेली नाही.