मानशीची दारं

चोडणच्या बांधात, नदी जिथे शेतात शिरू पाहते,
तिथे मानस आहे. दोन लाकडी दारं, एक उंबरठा, चिखल.
तेवीस वर्षं मी ती राखतो.
भरती चढली की दारं मिटतात,
ओहोटीला उघडतात.
हात लावावा लागत नाही, पाणीच पाण्याला अडवतं.
शहरातून बघायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगायचो
आणि ती म्हणायची, एवढंच?

त्या मार्चमध्ये गावानं ठरवलं,
आपणही मानस व्हायचं.
आतलं आत, बाहेरचं बाहेर.
फेरीच्या धक्क्यावर माडाचं खोड आडवं पडलं,
त्यावर लाल फडकं, पुठ्ठ्यावर रंगानं: प्रवेश बंद.
अनुस्वार ओघळून पार खालच्या काठापर्यंत आला होता.

क्लेमेंतिन बांबोळीला नर्स. आठ दिवसांनी घरी निघाली.
एवढ्या मोठ्या फेरीत ती एकटी,
मधोमध उभी, हातात पिशवी.
खोडाअलीकडून कुणी ओरडलं, तिथेच राहा गो, चौदा दिवस!
ती वाद घालत बसली नाही.
पिशवीतून डबा काढून म्हणाली,
पप्पाचं इन्शुलिन आहे, बर्फ वितळतोय.
बराच वेळ कुणी हललं नाही.
शेवटी फेरीच्या खलाशानं बांबूच्या टोकाला डबा अडकवून
अलीकडे केला, जसा कुणी साप उचलतो.
फेरी तिला घेऊन परत रायबंदरला गेली.

बांध बांधणारे चौघे गुमल्याचे.
एतवा त्यांतला मोठा, त्याला चिखल वासावरून कळायचा.
मे महिन्यात ते चालत निघाले.
जाताना फावडी धुऊन
माझ्या खोपीत पालथी ठेवली होती.

मग अमावास्येच्या भरतीला बांधाला बीळ पडलं.
कुर्लीनं पाडलेलं, बोटाएवढं.
तिसऱ्या दिवशी त्यातून म्हैस गेली असती.
बुजवायला माणूस नव्हता.
मीठ शेतात आलं ते दारातून नव्हे,
दारं शेवटपर्यंत नीट मिटत होती.

आजारही तसाच आला.
फेरीनं नाही, नर्सच्या पिशवीतून नाही.
एका साखरपुड्यातून, पंचवीस माणसं,
सगळी आपलीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात म्हाबळूला नेलं, माझ्या धाकट्याला.
रात्री तीनला त्याचा फोन.
दादा, दाब उतरलाय म्हणतात.

नदीचा दाब मला कळतो.
खांबावर ओल कुठवर चढली ते पाहून
दारं कधी मिटतील ते सांगतो.
नळीतल्या वाऱ्याचं काय सांगणार?
मी विचारलं, उतरलाय म्हणजे किती?
तो काही बोलला नाही. नुसता श्वास ओढत होता.
मग तेही ऐकू येईना
आणि फोनवरचे सेकंद मात्र पुढे जात राहिले.

त्या रात्री त्याच्या खाटेपाशी क्लेमेंतिन होती.
चाळीस मिनिटं हातानं फुगा दाबत होती,
उजवा हात थकला की डावा.
हे तिनं मला कधीच सांगितलं नाही.
वॉर्डातल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं,
तेही तेराव्यानंतर, फेरीची वाट पाहताना.

धक्क्यावर ते खोड नेलं तेव्हा
मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं.
हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

परवा जाळ्यात शेवटाळे आले, चांगले वीतभर.
सहा घेऊन तिच्याकडे गेलो.
पायरीवर ठेवले आणि मागे सरलो,
किती वर्षं झाली, तरी पाय आपसूक मागे जातात.
ती म्हणाली, आत ये.
मी म्हणालो, पाय चिखलाचे आहेत.
ती म्हणाली, तुझे कधी नव्हते?
आणि दार तसंच उघडं टाकून
सुरी शोधायला आत गेली.