पावणेसहाची बस

सकाळच्या राउंडला आपण म्हणतो, "आज घरी."
दोनच शब्द. आणि पुढच्या खाटेकडे वळतो.

त्या दोन शब्दांवर
तेरा नंबरची देवगी वेळीप
साडेनवालाच लुगडं बदलून बसते,
ताटली, पेला, चादर पिशवीत कोंबते,
एक्स-रेचं पाकीट मांडीवर उभं धरते
देवाची तसबीर धरावी तसं.

कार्ड तयार होतं चारला.
औषधं हातात पडतात पाचला.
आणि नेत्रावळीची शेवटची बस
मडगावहून सुटते पावणेसहाला.

स्वीजल, पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस,
"मॅडम, डिस्चार्ज नीट कसा लिहायचा?"
मी म्हटलं, लिहायचं मागाहून बघू,
आधी बसचं वेळापत्रक पाठ कर.
तू हसलीस. वाटलं असेल, म्हातारी थट्टा करते.

मी तुझ्या वयाची होते तेव्हा
बेतूलचा एक रापणकार होता, मिंगेल कार्दोझ.
हृदय थकलेलं, पाय सुजलेले.
मी वळणदार अक्षरात लिहिलं, मीठ कमी.
खाली दोन रेघा ओढल्या.
अकराव्या दिवशी तो परत.
पोटरीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता.
मी ओरडले. सगळ्या वॉर्डासमोर.
तो खरोखर बुचकळ्यात पडून म्हणाला,
"मीठ खंय खातां हांव, दोतोर?
पेजेंत लेगीत घालीना.
फकत खारो बांगडो."

माझ्या कार्डात एकही चूक नव्हती.
तिसऱ्या खेपेला तो आला नाही,
त्याची बायको आली काळ्या कपड्यांत
उरलेल्या गोळ्या परत द्यायला,
कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून.

तर, खुर्ची ओढ. बस.
"समजलं ना?" असं विचारायचं नाही.
कोट घातलेल्या माणसासमोर
सगळ्यांनाच सगळं समजतं.
विचार, घरी गेल्यावर सुनेला काय सांगशील?
आणि मग गप्प राहा.
हे गप्प राहणं कुठल्या परीक्षेत येत नाही,
मला जमायला नऊ वर्षं लागली.
ती सांगेल की पांढरी गोळी झोपेची,
सांगेल की बरं वाटलं की सगळ्या बंद.
खोडू नकोस लगेच. ऐक.
तिच्या तोंडून येतंय तेच तुझं कार्ड,
तू लिहिलंस तो नुसता कागद.

पाकिटांवर सूर्य काढ, चंद्र काढ.
तुझा चंद्र भाकरीच्या तुकड्यासारखा दिसतो, चालेल.
पायऱ्या किती, पाणी कोण आणतं,
रात्री धाप लागली तर फोन कोणाच्या घरात लागतो,
हे विचारताना घड्याळ बघू नकोस.
मी बघते. मला दिसतं तू बघतेस ते.

काल देवगीला इन्सुलिनचं सांगत होतीस.
मी पडद्याआड उभी होते, शिकवायच्या तयारीत.
"फ्रिज ना," ती म्हणाली.
"मडकं आसा?" तू विचारलंस.
इथवर माझंच शिकवणं, मी मान डोलावली.
मग तू विचारलंस,
"चुलीसावन कितलें पयस?"
आणि ती विचारात पडली,
तिनं दोन्ही हातांनी हवेत आपलं स्वयंपाकघर मांडलं,
चूल इथं, मडकं इथं,
मध्ये वीतभर जागा.

तीस वर्षांत किती मडकी सांगितली मी.
चूल कधी विचारली नाही.

पडद्यामागून मी तशीच परत फिरले.

एकतीसला मी निवृत्त होतेय, तुला ठाऊक आहेच.
आज कॅन्टीनमध्ये चहा ढवळत
तू अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलंस,
"मॅडम, घरी गेल्यावर काय करणार?
सांगा बघू, तुमच्या शब्दांत."
आणि गप्प राहिलीस.
किती वेळ गप्प राहिलीस ग.
पाव थंड झाला, मला एक वाक्य जुळेना.

शेवटी म्हटलं, स्वीजल,
आधी बस किती वाजता ते विचार.