सीट नंबर चौदाखाली

दोन वाजता शेवटचं पोर वादी कबीरला उतरतं,
मग मी झाडू घेते.
तेवढा वेळ खल्फान एसी चालू ठेवतो.
बोलत नाही, पण ठेवतो.

सीट चारखाली गाजराचे तुकडे, सगळे एका मापाचे,
कुणी पहाटे उठून पट्टी लावून कापल्यासारखे.
सीट नऊ : उकडलेलं अंडं, पांढरं खाल्लेलं, पिवळं शाबूत.
सीट चौदा : नेविनच्या इडल्या.
रोज दोन. टिशूत गुंडाळून
सीटच्या फटीत कोंबलेल्या,
वर्गात पकडली जाईल अशा चिठ्ठीसारख्या.

चिप्स-पराठ्याचा कागद मात्र चाटूनपुसून लख्ख.
कॅन्टीनच्या पफचा कण सापडेल तर शपथ.

मागच्या मंगळवारी शाळेत आहारतज्ज्ञ बाई आल्या.
पडद्यावर एका थाळीचे चार रंग केले,
प्रथिनं एवढी, लोह एवढं, साखर मुळीच नको.
आयांनी भराभर फोटो काढले.
एकीने विचारलं, ओट्सचा डोसा चालेल का.
मी मागे, पाण्याच्या खोक्यांपाशी.
आईचं अनेकवचन आया,
आणि माझ्या नोकरीचं एकवचनही आया.
हात वर करावासा वाटला :
बाई, डब्याचं झाकण लागेपर्यंत तुमचं गणित बरोबर आहे,
पुढचा हिशेब माझ्या सुपलीत येतो.
नाही केला.
खोकी उचलायची होती.

नेविनला विचारलं, का रे, आवडत नाही?
म्हणाला, आवडते. पण सुट्टी पंधरा मिनिटं,
नळाला रांग, बाथरूमला रांग,
डबा उघडला की घंटा.
आणि तोवर ती रबर होते, आया.
पहिलीतलं पोर. एवढं साधं
पडद्यावर कुठल्याच रंगात नव्हतं.

उरलेलं सगळं एका पिशवीत. ती खल्फानची.
बिदबिदला त्याच्या शेळ्या आहेत.
आमच्या मार्गावरच्या बत्तीस डब्यांवर त्या पोसल्यात,
ब्लूबेरी खातात, बदाम खातात,
यंदा तिघींना जुळी झाली.
फोटो दाखवतो मला. गुबगुबीत. केस कसे चमकतात.

रात्री साडेसातला दुर्वाला फोन. तिकडे नऊ वाजलेले.
शाळेत काय होतं आज?
मटकीची उसळ आणि भात.
मटकी दिसत होती की नुसतंच पाणी?
दिसत होती गं.
पोटभर?
दोनदा वाढतात. तिसऱ्यांदा गेलं की बघतात.
आणि बुधवारचं अंडं?
अंडं नाही आलं, केळं आलं. अर्धं अर्धं.
आई, तू काय इन्स्पेक्टर आहेस?
हसते. तिच्या आजोबांसारखं, नाकातून.

नेविन किती घास खातो ते मला तोंडपाठ.
माझ्या लेकीला बांगडी दीडची होते की पावणेदोनची,
ते मात्र मला विचारावं लागतं,
आणि मग वाटतं, मोठी झाली म्हणून सैल सांगत असेल,
की खरंच सैल असेल?
फोनवर मनगट दिसत नाही. दिसतं ते कपाळ,
आणि मागे भिंतीवरची पाल.

बसमध्ये खाण्यास मनाई आहे.
ती पाटी रोज मीच पुसते.
पण रुवीच्या सिग्नलला सकाळी सात मिनिटं जातात,
आणि सहा वाजताची इडली अजून कोमट असते.
चटणी नको म्हणाला, सांडते.
नुसतीच भरवली, तुकडा तुकडा,
मी उभी, पाय फाकवून, एक हात वरच्या दांडीला.
आरशात खल्फानचे डोळे आले,
गेले.
त्याने रेडिओ थोडा मोठा केला.

आज सीट चौदाखाली एक पेन्सिल, एक मोजा.
शेळ्यांच्या पिशवीत दोन इडल्या कमी.

दुर्वाला यातलं काही सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं,
तिसऱ्यांदा जात जा गं.
बघू देत.