गुरुवारपुरता

टॉडमॉर्डनच्या टाउन हॉलमधून
एकेकाळी दोन परगण्यांची हद्द जायची म्हणे.
नाचताना एक पाय यॉर्कशरात, दुसरा लँकाशरात,
आणि तरी ठेका चुकत नसे.
हे विल्फ ग्रीनवुड मला दर दोन महिन्यांनी
नव्याने सांगतो,
त्याचा लॅपटॉप अपडेट होत असताना.
तो कायम अपडेट होत असतो.

"बत्तीस टक्के," बेरिल वाचते, चष्मा न लावता.
"गेल्या गुरुवारचेच ना हे?"

कालव्याकाठचा पब, शेकोटीपासून तिसरं टेबल.
बेरिल येते साडेसातला, बटाट्यांच्या पिशवीत
अकरा वर्षांचा लॅपटॉप घालून.
त्यावर पेंग्विन, हाताने चिकटवलेला, एक पंख निघालेला.
शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं तिने;
माऊसला हात लावणं
अजून तिला कॉपी केल्यासारखं वाटतं.
काळ्या पडद्यावर ती आज्ञा टंकते,
यंत्र पहिल्या बाकावरच्या मुलासारखं
उत्तर देतं आणि गप्प बसतं.

विल्फ रेल्वेत सिग्नलमन होता.
सगळ्या गावाला घेऊन जाते तीच खरी गाडी,
उशीर व्हायचाच.
"घराला खिडक्या हव्यात, बेरिल."
"हव्यात ना. पण तुझ्या खिडक्यांतून
वाऱ्याआधी चोर येतात."

मी मॅकवाला.
म्हणजे दोघांनी एकजुटीने झोडपायला सोयीचा.
"कुठली किडनी विकलीस, डावी की उजवी?"
मी मूळचा मिरजेचा. आमच्याकडे
चावलेलं फळ कुणी पुढ्यात ठेवलं
तर पाहुणा पाटावरून उठेल,
आणि मी दोन पगार मोजून
उष्टं सफरचंद घरी आणलं,
हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.
दारूगोळा आपणच कशाला पुरवा.

नोव्हेंबरात विल्फ पायरीवरून घसरला,
मनगट मोडलं. मी डब्यात आमटी घेऊन गेलो.
"चष्मा मागच्या खोलीत राहिलाय, आण जरा."

मागच्या खोलीत भिंतीभर रूळ.
बोटाएवढी गाडी बोगद्यातून आली,
लाल दिव्यापाशी थांबली,
हिरवा झाला, निघाली.
कोपऱ्यात एक जुना पडदा, काळाभोर,
त्यावर हिरव्या ओळी सरसर चढत होत्या.
बेरिल लिहिते तशाच.
आणि कडेला, चिमुकला, दोन्ही पंख शाबूत,
पेंग्विन.

मी वळलो तर दारात विल्फ,
हात झोळीत, नजर गालिच्यावर.
"किती वर्षं?"
"सहा होतील मार्चमध्ये."
"आणि तो लॅपटॉप?"
"तो गुरुवारपुरता."

त्याने डाव्या हाताने किटली भरली,
निम्मं पाणी ओट्यावर.
मी फडकं शोधत होतो
तेव्हा पाठमोराच म्हणाला,
"ती जिंकली, की संपलंच.
मग साडेसातला काय,
हवापाण्यावर बोलायचं?"

मी काही बोललो नाही.
आमटी त्याला तिखट लागली, तरी संपवली.

पुढच्या गुरुवारी तो आला, उशिराच.
एका हाताने लॅपटॉप उघडला.
"एकतीस!" बेरिल ओरडली. "उतरला की रे एक टक्का!"
आणि बोलता बोलताच
त्याची ताटली स्वतःकडे ओढून
माशाचे घास करू लागली,
एकसारखे, पट्टीने आखल्यागत.
काटा काढताना म्हणाली, वर न बघता,
"तुझ्या गाड्या धावतायत ना व्यवस्थित?"

विल्फने माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली, शपथ, मी नाही.

तिने ताटली परत सरकवली.
"खा. आणि तुझ्या खिडक्या मिट,
गारवा येतोय."
विल्फ काही क्षण तिच्याकडे बघत राहिला,
मग काटा उचलून म्हणाला, अगदी ठसक्यात,
"मेलो तरी पेंग्विनला दाणे घालणार नाही."

दोघं एकदम हसली.
मी घाईघाईने माझं यंत्र उघडलं,
आता माझीच पाळी, ओळखून.