वाशांसकट

राऊटर शाळेच्या कोठीत आहे, बटाट्याच्या पोत्यांमागे.
चार तोंडांचा. नेल्दा चिगुआय त्याला गुरासारखी थोपटते,
मग कानामागची पेन्सिल काढते.

पहिलं तोंड बाहेरचं, कास्त्रोहून रेडिओनं येणारं.
त्याला कंपनीनं दिलेला आकडा, जसाच्या तसा,
आणि गेटवे फक्त त्याच्याच गळ्यात.
"दोघांना गेटवे दिलास तर निरोप
उंबऱ्यावरच उभा राहील, इकडे की तिकडे करत."
मी मान हलवली. समजलं नव्हतं.

दुसरं शाळेचं: दहा, वीस, एक, एक.
तिसरं दवाखान्याचं. मी तिथंही टाइप केलं
दहा, वीस, एक, आणि शेवटी दोन.
दिवे हिरवे. केबल नवी.
आणि लशींचा फ्रिज मुका.
रेमिहिओ कंपाउंडर दर पाच मिनिटांनी दारात:
बोलला का?
नाही.

नेल्दा रागावली नाही. वही पुढे सरकवली,
डावीकडे जागा, उजवीकडे आकडे.
"दोन खाड्यांना एकच नाव दिलंस.
आता होडी कुठल्या खाडीत शिरेल?"
मी एक खोडून दोन केलं. दहा, वीस, दोन, एक.
मास्क चोवीसचा. सेव्ह.
कुंपणापलीकडून रेमिहिओची आरोळी आली,
जाळ्यात मोठा मासा लागल्यासारखी.

(चौथं धक्क्याचं, लाँचच्या वेळांचं.
ते मी न विचारता बरोबर केलं. कुणी पाहिलं नाही.)

मार्चमध्ये समुद्रानं दवाखान्याखालची माती खाल्ली.
गाव जमलं, म्हणालं, घर न्यायचं.
घर फिरलं की वासेही फिरतात, ही म्हण ज्यानं केली
त्यानं चिलोएचे बैल पाहिले नसावेत.
चौदा जोड्या, खाली ओंडके,
मधेमधे शिव्या आणि सफरचंदाची दारू.
वाशांसकट, खिडकीच्या पडद्यांसकट,
भरतीला, दोन होड्यांच्या मागे तरंगत
दवाखाना पलीकडच्या काठाला लागला.
आत रेमिहिओ, फ्रिजला पाठ लावून,
बॅटरीच्या दोन तारा हातात घट्ट.

संध्याकाळी शाळेच्या छपरावर एक डिश, तिकडे एक.
तिसऱ्या पोर्टातली जुनी केबल उपटली, नवी खोचली.
आकड्याला हात लावला नाही.

नेल्दानं वहीत डावीकडचं खोडलं: काठावर, पुलाजवळ.
लिहिलं: वर, सफरचंदांपाशी.
उजवीकडे नुसतं बोट फिरवलं,
शाई वाळली का बघावं तसं,
जरी ती पेन्सिल होती आणि दोन वर्षांपूर्वीची.

मी हाक मारली: दहा, वीस, दोन, अकरा?
एक ओळ आली. थांबली.
मग दुसरी.

कास्त्रोच्या इस्पितळात रात्रपाळीला जी कोण बसली होती
तिला दिसलं असेल: फ्रिज सहा तास गप्प, आता पाच अंश.
वीज गेली असेल, म्हणाली असेल,
आणि कॉफी ओतायला उठली असेल.