सोळा नाही, चौदा

मेनच्या उत्तरेला, आमच्या चर्चमागे,
गाड्या लावायच्या जागेत
ऑगस्टपासून लाकडं येऊन पडतात.
वादळात आडवा झालेला कुणाचा मेपल,
रस्ता रुंद करताना तोडलेले ॲश.
एकदा तर एका बाईनं, नवऱ्याच्या माघारी,
त्यानं रचून ठेवलेला अख्खा हिवाळा पाठवला,
वर चिठ्ठी : मी मुलीकडे चालले,
तिथे बटण दाबलं की ऊब येते.

शनिवारी आम्ही सात-आठ जण.
ऑरिन थिबोडो, वय एकोणऐंशी, घण त्याचाच;
दुसऱ्या कुणी उचलला तर नुसता खाकरतो.
पाद्रीणबाई टॅम्सिन पाचर बसवतात.
मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, म्हणून पिकअप माझ्याकडे.
आणि कोल्बी, ज्याला कोर्टानं
चाळीस तास समाजसेवा सांगितली होती.
चाळीस कधीच संपले. तो अजून येतो.
आम्ही तो विषय काढत नाही.

अर्जावर तीनच प्रश्न :
शेगडी कसली, लाकूड कुठे रचायचं,
कुत्रा सुटा असतो का.
का हवं, कमावता किती, चर्चला येता का,
हे विचारायचं नाही, असं टॅम्सिनबाईंनी
पहिल्याच वर्षी ठरवलं
तेव्हा दोन जण चर्च सोडून गेले.
त्यातला एक लीलंड क्रॉकेट.
म्हणाला होता, फुकटचं सरपण लवकर जळतं.

या डिसेंबरात यादीत त्याचं नाव.
अक्षर त्याचं नव्हतं,
खाली पोस्टातल्या मुलीचा फोन नंबर.
कुत्रा : ‘मेला.’

गेलो. पडदा हलला, दार नाही.
ओसरीवर रचून आलो, साल वरच्या अंगाला,
बर्फाचं पाणी निथळून जावं म्हणून.
पुढच्या शनिवारी तिथून जाताना पाहिलं :
रास जशीच्या तशी, वर चार बोटं बर्फ,
धुराड्यातून काही नाही.

कोल्बीनं दार वाजवलं नाही, ढकललं.
म्हातारा स्वयंपाकघरात, अंगात कोट,
हात काखेत.
“माझ्याहून नडलेलं कुणी असेल,” म्हणाला.
“त्यांच्याकडे नेऊन टाका.”

यावर काय बोलायचं असतं मला माहीत नाही.
बसमध्ये रडणाऱ्या पोराला मी कधी
उगी म्हटलं नाही, हीटर वाढवायचे.
शेगडीपुढे बसले, आणि मुद्दाम
(नाही, खरं तर मला तेवढंच येतं)
वाईट पेटवली. धूर झाला. तीन काड्या फुकट.
“बर्चची साल,” तो मागून म्हणाला.
“खाली बर्चची साल लाव. कुणी शिकवलं नाही का तुला?”

मग उठला. गुडघे कडकडले.
साल अशी सोलली की मासा साफ करतोय.
जाळ धरला. पहिला मोठा ओंडका आत सरकवला
तर शेगडीचं दार लागेना.
खिळ्यावरची टेप काढून त्यानं मोजलं,
आणि आमच्याकडे असं पाहिलं,
जणू चर्च सोडल्याचं खरं कारण
आज हाती आलं.
“सोळा नाही. चौदा.”

दोन इंच.
कोल्बीनं करवतीची दोरी ओढली, अख्खी दुपार गेली.
लीलंड खिडकीतून बोट वर-खाली करत
मापं सांगत राहिला,
सांगण्यासारखं काही नसताना.
आभार मानले नाहीत.
निघताना म्हणाला, ऑरिनला सांग,
घणाचा दांडा सैल झालाय,
वारा इकडचा असला की इथवर ऐकू येतं.

दोन-दोन इंचांच्या चकत्या, पोतंभर,
पिकअपमध्ये खडखडत आल्या.
यंदा तेल परवडत नाही, चर्चमध्ये आम्ही कोटातच बसतो,
आमेन म्हटलं की अकरा तोंडांतून वाफ.
रविवारी टॅम्सिनबाईंनी त्या चकत्या
कोपऱ्यातल्या जुन्या शेगडीत घातल्या.
लवकर जळल्या. एका स्तोत्रापुरत्या.
शेवटच्या कडव्याला ऑरिननं
टोपी काढून मांडीवर ठेवली.

दांड्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.